छटासाहेबांची जांभळी गाजरे

इतरांच्या कामावर शेरा मारण्यासाठीच ज्याला आयुष्यभर पगार मिळाला, तो माणूस निवृत्त झाला की त्याच्याजवळ काम उरत नाही, शेरा मात्र उरतो. हा शेरा मग तो कुठेही मारत सुटतो. शेजाऱ्याच्या फाटकावर, सुनेच्या पोळीवर, आभाळावर. ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्या गृहस्थांनी तो गाजरांवर मारला, आणि त्याला रसिकता म्हटले. तशी ती फारशी हानिकारक गोष्ट नव्हती. हानी व्हायला त्यांना चार वर्षे लागली.

रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षे ते छटा तपासत असत. मोठमोठ्या पिंपांत रंग तयार झाला की त्यातला थोडा एका पत्र्याच्या पट्टीवर लावून वाळवला जाई आणि ती पट्टी त्यांच्या टेबलावर येई. त्यांच्या मागच्या कपाटात, काळ्या कापडात गुंडाळलेल्या, प्रत्येक रंगाच्या मूळ पट्ट्या असत. ते मूळ पट्टी काढत, नवी तिच्या शेजारी धरत, उत्तरेच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, ‘पास’ किंवा ‘परत’. बस्स. त्यांचा डोळा असामान्य होता. दोन पांढऱ्या रंगांतला जो फरक इतरांना सांगूनही दिसत नसे तो त्यांना चार हातांवरून दिसे, आणि महिन्यापूर्वी पाहिलेली छटा त्यांना जशीच्या तशी आठवे. हे आत्ताच मान्य करून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत त्यांच्या बाजूने मान्य करण्यासारखे फारसे काही सापडणार नाही.

पिंपांशी उभे राहून रंग घोटणाऱ्या कामगारांनी त्यांचे नाव ‘छटासाहेब’ ठेवले. आधी ते पाठीमागे घेतले जाई. पुढे ते साहेबांच्या कानावर गेले आणि त्यांना आवडले. आपली टिंगल ही आपली पदवी आहे असे समजण्याची सोय ज्यांना जन्मतःच लाभलेली असते, त्यांपैकी ते एक.

त्यांच्या आयुष्यात अभिमानाची एक गोष्ट होती आणि ती ते कोणालाही सांगत. लग्नाच्या पंगतीत सांगत, इस्पितळात कुणाला भेटायला गेले तर पायथ्याशी बसून सांगत. एका घोटणाऱ्याने साय रंगाची मूळ पट्टी कपाटातून काढून पिंपाजवळ नेली, का तर उजेडात नीट ताडून पाहावी म्हणून, आणि ती खिडकीत विसरला. आठवडाभर ती उन्हात पडून राहिली. पट्टीचा रंग उडाला. साहेबांनी त्या माणसाला घोटण्यावरून काढून रिकामी पिंपे धुण्यावर पाठवले, आणि निवृत्त होईपर्यंत तो पिंपेच धूत राहिला. गोष्टीचा शेवट ठरलेला असे. उजव्या हाताची तर्जनी वर करून साहेब म्हणत, “पट्टी ही वापरायला नसते. ती ताडून बघायला असते. ती गेली की मग उरतो तो नुसता अंदाज.”

ऐकणारे मान डोलावत. त्या माणसाने काय चूक केली आणि त्याला किती शिक्षा झाली याचे प्रमाण कुणी कधी काढले नाही.

त्यांची पत्नी या सबंध काळात पडदे शिवत होती. शिवणाचे यंत्र घरातल्या सर्वांत अंधाऱ्या खोलीत होते, कारण उजेडाची खोली साहेबांना वाचायला लागे. आठवड्यातून तीन दिवस ती गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीमागे जाई. तिथे नगरपालिकेने हौशी लोकांना भाजीचे वाफे दिले होते. त्यांतला एक तिचा. वीस वर्षे तो तिचा होता आणि वीस वर्षांत साहेबांनी तिकडे पाऊल टाकले नव्हते. “चिखल मला सोसत नाही,” असे ते म्हणत, जणू ही त्यांच्या प्रकृतीची तक्रार नसून चिखलाची होती.

त्या वाफ्यात ती गाजरे लावी. पिवळी, पांढरी, आणि जांभळी. जांभळ्याचे बी तिला तिच्या मावशीकडून बटणांच्या डब्यातून मिळाले होते. बाजारात जांभळे म्हणून जे मिळते ते बहुधा वरून जांभळे आणि आतून केशरी असते. हे आतपर्यंत जांभळे होते. चिरले की फळी, सुरी, बोटे आणि खाणाऱ्याचे ओठ सारे रंगून निघे. मावशीने ते तीस वर्षे शुद्ध ठेवले होते आणि भाचीने वीस.

शुद्ध ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गाजर पहिल्या वर्षी बी देत नाही. ते उपटायचे, त्यातली उत्तम निवडून हिवाळाभर ओलसर वाळूत निजवायची, आणि थंडी सरताना पुन्हा जमिनीत लावायची. मग त्याला माणसाच्या छातीइतका दांडा फुटतो, पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात आणि त्यांतून बी. मधमाश्या रंग पाहत नाहीत, म्हणून एका वर्षी एकाच रंगाला फुलू द्यायचे. तीन रंग, तीन वर्षांची पाळी. गाजराचे बी त्यापलीकडे धड टिकतही नाही. याचा अर्थ असा की जो माणूस सर्वांत चांगले गाजर खातो तो पुढच्या गाजराचे नुकसान करतो. उत्तम असेल ते ठेवायचे आणि दुय्यम असेल ते खायचे, ही या कामाची शिस्त आहे. वीस वर्षे त्या बाईने आपल्या वाफ्यातले सर्वोत्तम गाजर अख्खे असे कधी खाल्ले नव्हते.

साहेब निवृत्त झाले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मुलीला सांगितले की तिच्या खोलीच्या दोन भिंतींचा पांढरा रंग एक नाही. मुलगी शाळेत विज्ञान शिकवते, वह्यांच्या गठ्ठ्यावरून मान न उचलता ती आईला म्हणाली, “आई, ह्यांना वाफ्यावर घेऊन जा. नाहीतर मी भिंत तरी पाडेन नाहीतर ह्यांचा शब्द तरी.”

अशा रीतीने साहेब चिखलात आले. शेजारचा वाफा एका निवृत्त बसचालकाचा होता. सगळे त्यांना ड्रायव्हरदादा म्हणत. ते कोबी लावत आणि घरी ससे पाळत. कोबीचा बराचसा भाग सशांकडेच जाई. त्यांनी साहेबांना एक उपडी बादली बसायला दिली. त्या दिवशी बाईंनी एक जांभळे गाजर आडवे कापले आणि साहेबांनी तो कापलेला भाग पाहिला. त्यांचे आयुष्य त्या क्षणी पुन्हा सुरू झाले, असे ते नंतर सांगत. इतरांच्या दृष्टीने ही बातमी दुःखाची होती.

आठवडाभरात वही आली. तीत प्रत्येक गाजराची छटा आणि चव नोंदवली जाऊ लागली. कारखान्यात त्यांना ‘पास’ आणि ‘परत’ एवढे दोनच शब्द वापरायची मुभा होती. एकतीस वर्षे तुंबलेली विशेषणे आता सुटली. पिवळे गाजर ‘जुन्या पत्राच्या’ रंगाचे झाले. पांढरे ‘न बोललेल्या शब्दाच्या’. जांभळ्याला त्यांनी ‘सायंकाळची शाई’ असे नाव दिले आणि त्याच्या चवीपुढे लिहिले: आधी माती, मग बडीशेप, शेवटी किंचित पश्चात्ताप.

हे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा ड्रायव्हरदादा खुरपे थांबवून म्हणाले, “साहेब, पश्चात्ताप मीठ लावून बरा लागतो की तसाच?”

“तुमच्या जिभेला ते कळायचं नाही.”

“नसेल हो. माझी जीभ हॉर्न वाजवण्यातच गेली.”

साहेबांनी चार वर्षांत तिथे एकदाही फावडे उचलले नाही. बी पेरल्यावर ते तीन आठवडे उगवत नाही, त्या काळात रोज दोनदा हलके पाणी द्यावे लागते, मग केसासारखी रोपे बोटांनी विरळ करावी लागतात. या सगळ्या काळात ते बादलीवर बसून गाजराच्या ‘व्यक्तिमत्त्वा’विषयी बोलत. पत्नी मध्येच म्हणे, “अहो, पाय उचला.” ते पाय उचलत आणि वाक्य पुरे करत.

आस्वादाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. श्रम करणाऱ्याने आपल्या श्रमाचे फळ चवीने खावे यासारखी रास्त गोष्ट नाही. परंतु ज्याने काही केले नाही त्याला आस्वाद पुरत नाही. त्याला आस्वादाचे श्रेय लागते. पदार्थ आपल्यामुळे उंचावला, आपण नाव दिले म्हणून त्याला चव आली, असे त्याला वाटू लागते. आणि असे वाटणारा माणूस एकटा राहत नाही. त्याला आपल्यासारखे आणखी दहा जण सापडतात आणि त्यांचे मंडळ होते.

मंडळ झाले. अध्यक्षस्थानी एक दंतवैद्य बाई होत्या. दिवसभर लोकांना त्या कडक खाऊ नका म्हणून सांगत आणि संध्याकाळी कच्ची गाजरे चावत. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा आम्ही जमत असू. ‘आम्ही’ म्हणायला हवे, कारण त्या टेबलाशी मीही असे. पांढऱ्या बशीत नाण्याएवढ्या पातळ चकत्या येत. डोळे मिटून चावायचे, मग आळीपाळीने बोलायचे. साहेब सर्वांत शेवटी बोलत आणि त्यांचे बोलणे संपल्यावर क्षणभर शांतता पाळली जाई. त्यांच्या पत्नीला बैठकीला कधी कुणी बोलावले नाही. चकत्या मात्र तीच करून पाठवी.

चौथ्या वर्षी जांभळ्याची पाळी होती. डब्यात उरलेले सगळे बी तिने त्या वर्षी पेरले होते, कारण निवड करायची तर पुष्कळ झाडे लागतात आणि त्या बियाला तेवढेच आयुष्य उरले होते. थंडी पडण्याआधी तिने सारी गाजरे उपटली, धुतली, आणि फळीच्या खोक्यावर बसून निवड सुरू केली. ही निवड पाहण्यासारखी होती. गाजर हातात घ्यायचे, त्याचे बोटभर शेपूट कापायचे, कापाचा गाभा उजेडात धरायचा, मग ते शेपूट चावायचे. गाभा पिवळट निघाला किंवा चव कडसर लागली की गाजर स्वयंपाकाच्या टोपलीत. दोन्ही बरोबर असले की काप वाळू द्यायचा आणि गाजर वाळूच्या पेटीत. शेपूट गेले तरी मुंडी शाबूत असली की गाजर पुढे दांडा धरते. चाखूनही राखता येईल अशी ही एकच युक्ती, आणि ती तिला मावशीने शिकवली होती.

साहेब शेजारी येऊन उभे राहिले.

“सरका हो. सावली पडतेय.”

“तू शेपट्या खातेस?” ते म्हणाले. “अगं, गाजराचा आत्मा मधल्या भागात असतो.”

“आत्मा तुम्हाला. मला गाभा बघायचाय.”

“दादा, ऐकलंत का? चार वर्षं माझ्याबरोबर बसून ही शेपटीखाऊच राहिली.”

“बसून?” दादा म्हणाले. “वहिनींना बसलेलं आज पहिल्यांदा बघतोय मी.”

दोनशेहून अधिक गाजरांतून त्रेचाळीस निवडली गेली. पेटीचे झाकण लावताना ती म्हणाली, “ह्या पेटीला हात लावायचा नाही.” का, ते साहेबांनी विचारले नाही. मी मुद्दाम लिहीत आहे की त्यांनी विचारले नाही. ज्या गोष्टीवर ते तास तास बोलत, त्या गोष्टीविषयी त्या चार वर्षांत त्यांनी आपल्या पत्नीला एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

थंडी सरता सरता मंडळाची वार्षिक बैठक ठरली. या वेळी वर्तमानपत्रात खाण्यापिण्यावर लिहिणारे एक गृहस्थ पाहुणे म्हणून यायचे होते. अध्यक्ष बाईंनी साहेबांना विचारले, “जांभळी असतील ना? ती नसतील तर पाहुण्यांना बोलावून काय दाखवायचं, दात?”

घरातली जांभळी केव्हाच संपली होती. साहेब म्हणाले, “होईल व्यवस्था.”

त्याच आठवड्यात साहेबांच्या पत्नीच्या बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते आणि त्या चार दिवस तिच्याकडे गेल्या होत्या. साहेब अध्यक्ष बाईंच्या गाडीतून वाफ्यावर गेले, अवजारांच्या पत्र्याच्या खोलीत शिरले आणि त्यांनी पेटी उघडली. वाळूतून एकेक गाजर काढून त्यांनी दाराच्या उजेडात ओळीने मांडले. त्रेचाळीस गाजरे आणि छटा एक. एकतीस वर्षांत इतका जुळता माल त्यांच्या टेबलावर आला नव्हता. इतका जुळता माल आपोआप जमत नाही, तो कुणीतरी जमवलेला असतो, हे कळायला तज्ज्ञ असावे लागत नाही. कदाचित तज्ज्ञ असल्यामुळेच ते त्यांना कळले नाही. त्यांनी तुटलेली टोके पाहिली आणि निष्कर्ष काढला की ही दुखावलेली आहेत, लवकर सडतील, तेव्हा आत्ताच उपयोगात आणलेली बरी.

ड्रायव्हरदादा फाटकाशी उभे होते. “साहेब, वहिनींना विचारलंय का?”

“घरच्या गाजरांना परवानगी कसली?”

“घरची आहेत म्हणूनच म्हणतो. बाहेरची असती तर मी बोललोच नसतो.”

“दादा, कापल्यावर मुंड्या निघतील. बादली पाठवून देऊ तुमच्या सशांना?”

दादा गप्प झाले. चांगला माणूस गप्प बसायला किती लागते, याचा मी पुष्कळ अभ्यास केला आहे. इतक्या कमीत ते झालेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

वाळूतल्या गाजरांना डोक्याशी पांढुरके कोंब फुटू लागले होते. कोंब साहेबांना विद्रूप वाटले. वाचनालयाच्या मोरीपाशी उभे राहून त्यांनी कापणाऱ्या शिपायाला बजावले, “डोक्याकडचा दोन बोटं भाग सरळ उडव. बशीत ते कोंब दिसता कामा नयेत.” मुंड्या बादलीत गेल्या. बाकीच्या चकत्या झाल्या.

बैठक फारच रंगली. पाहुण्यांनी डोळे मिटून चावले आणि म्हणाले, “ह्यात काळ आहे.” अध्यक्ष बाई म्हणाल्या, “आणि संयम.” साहेबांनी सायंकाळच्या शाईवर पंधरा मिनिटे भाषण केले. पाहुण्यांनी लिहून घेतले की हे गाजर साहेबांनी ‘घडवले’ आहे, आणि साहेबांनी ते खोडून काढले नाही. मी सात चकत्या खाल्ल्या. चव चांगली होती. इतकेच म्हणून थांबायला हवे होते. मीही त्याहून बरेच जास्त बोललो.

दोन दिवसांनी साहेबांच्या पत्नी परतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यावर गेल्या. गाजरे लावण्यासाठी वाफा आधीच खणून ठेवलेला होता. त्यांनी पेटी उघडली. आतली वाळू हाताने नीट सपाट केलेली होती; साहेब व्यवस्थित माणूस. त्या घरी आल्या तेव्हा साहेब आणि मुलगी न्याहारी करत होते.

“अहो, पेटीतली गाजरं?”

“बैठकीला दिली. अगं, काय कौतुक झालं म्हणून सांगू! ते पाहुणे—”

“सगळी?”

“त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. बशीत एक चकती उरली नाही.”

बाई पायांतल्या चिखलाच्या चपलांसह खुर्चीवर बसल्या. त्या घरात हे कधी घडले नव्हते.

“टोकं तुटलेली होती,” साहेब म्हणाले. “सडलीच असती.”

“मी तोडली होती. चाखायला. ती लावायची होती हो, ह्या आठवड्यात. त्यांनाच बी येतं.”

“बी तुझ्या डब्यात असेल की.”

“डबा रिकामाय. असेल नसेल ते सगळं मागल्या वेळी पेरलं. तीन वर्षांनी पाळी येते त्याची.”

साहेबांनी चहाचा घोट घेतला. “मग दुकानातून आणू. जांभळं हल्ली मिळतं.”

मुलीने हातातला चमचा खाली ठेवला. “बाबा, तो साय रंगाची पट्टी उन्हात विसरलेला माणूस आठवतो?”

“त्याचं इथं काय?”

“तो निदान विसरला होता. तुम्ही तर पट्टी भिंतीला फासून आलात. वर टाळ्या घेऊन.”

साहेबांची तर्जनी सवयीने वर निघाली होती. ती टेबलाच्या काठाशी अडली. त्यांच्या तोंडून एकदा “पट्टी” एवढाच शब्द निघाला. अखेर आयुष्यात निदान एक वाक्य त्यांना समजले, आणि ते त्यांचे स्वतःचे होते. पण समजल्यावर ते जे बोलले ते त्यांच्या आजवरच्या लौकिकाला साजेसे होते. ते म्हणाले, “मला कुणी नीट सांगितलं नाही.”

पत्नीने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. “मुंड्या कुठायत?”

“मुंड्या?”

“कापलेल्या मुंड्या. कुठं टाकल्यात?”

ड्रायव्हरदादांच्या परसात सशांची खुराडी होती. बाईंना फाटकात पाहताच दादांना काय झाले ते कळले असावे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. “वहिनी, दोन दिवस झाले हो.”

“किती उरल्यात?”

“निम्म्या असतील. मी थोड्या थोड्या घालत होतो. एकदम घातलं की त्यांचं पोट फुगतं.”

“सशांची काळजी घेता, बरंय,” बाई म्हणाल्या. “मला का नाही कळवलंत?”

दादांनी बादली उपडी केली आणि गुडघ्यांवर बसून एकेक मुंडी वेचली. एकोणीस सापडल्या, काहींना दातांच्या खुणा होत्या. साहेबांना कोंब पाहवले नाहीत म्हणून त्या दोन बोटे जाड होत्या. एखाद्या नीटस माणसाने काटकसरीने कापल्या असत्या तर काहीच उरले नसते. जगात काही गोष्टी नाक मुरडणाऱ्यांमुळेही वाचतात; त्याचे श्रेय नाकाला द्यायचे नसते. साहेबांनी अर्थात ते घेतले. पुढच्या बैठकीत त्यांनी सांगितले की मुंड्या जाड ठेवा असे त्यांनीच शिपायाला बजावले होते. हे वाक्य अक्षरशः खरे होते, म्हणून ते खोट्याहून अधिक किळसवाणे होते. अध्यक्ष बाई म्हणाल्या, “दूरदृष्टी.”

एकोणीस मुंड्यांपैकी बारा जमिनीतच कुजल्या. सातांना दांडे आले, तेही कमरेइतके. बाईंनी त्यांना काठ्या दिल्या, आसपासच्या वाफ्यांत फुलू पाहणारे प्रत्येक गाजर विनंती करून खुडायला लावले, आणि उन्हाळ्याअखेर बटणांच्या डब्याचा तळ जेमतेम झाकेल इतके बी मिळवले. पुढच्या हंगामात ते पेरले. उगवण विरळ होती. थंडीच्या तोंडावर गाजरे उपटली तेव्हा सात झाडांतून आलेली ती पिढी बिथरलेली निघाली. काहींचा गाभा पिवळा, काही वरून विटकरी, काही निळसर, काही जांभळ्याच्या जवळ जाऊन थांबलेली. गाभा आणि चव बाईंना कळत होती. परंतु मावशीच्या गाजराची नेमकी छटा कोणती, याला आता ताडायला काही उरले नव्हते. वर्तमानपत्रातल्या फोटोत तर गाजरांपेक्षा साहेबच जास्त होते.

ताडायला एकच वस्तू शिल्लक होती. ती घरी आरामखुर्चीत बसून वही चाळत होती.

बाईंना ते मागणे किती जड गेले असेल, याची कल्पना मी करू शकतो. पण त्या मागत नव्हत्याच. त्यांनी साहेबांना वाफ्यावर आणले, खोक्यावर बसवले, तोंड उत्तरेकडे करून दिले आणि म्हणाल्या, “मी एकेक समोर धरते. जुन्यासारखं आहे की नाही, तेवढं सांगा. हो किंवा नाही. तिसरा शब्द नको.”

“अगं, पण छटेत बारकावे—”

“हो किंवा नाही.”

वही बाईंनी आधीच काढून ड्रायव्हरदादांच्या हातात दिली होती. दादांनी ती बादलीखाली घातली आणि बादलीवर बसले.

काम सुरू झाले. “नाही.” “नाही.” “नाही.” साहेबांचा आवाज हळूहळू कारखान्यातला झाला. डोळा तोच होता. तो खोटे बोलू शकत नव्हता, एवढाच त्या माणसाचा प्रामाणिकपणा. एका गाजरापाशी ते अडले. “हे बघ, ह्यात जरा सायंकाळच्या—”

“हो की नाही?”

साहेबांनी गाजर हातात घेऊन उजेडात फिरवले. “हो.”

बाईंनी शेपूट कापले, गाभा पाहिला. मग शेपटाचे दोन तुकडे केले, एक स्वतः चावला आणि दुसरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो खाल्ला आणि पुढच्या गाजराकडे बोट केले. गाजर वाळूत गेले.

चौदा गाजरे झाली होती तेव्हा फाटकाशी अध्यक्ष बाईंची गाडी थांबली. वार्षिक बैठकीची तयारी सुरू झाली होती; मागच्या आसनावर मी बसलेलो होतो. साहेब उठले, दोन पावले चालले आणि पेटीवर झाकण टाकून त्यावर बसले.

“जांभळी काय म्हणतायत?” अध्यक्ष बाईंनी काचेतून विचारले. “या वर्षी पाहुणे मोठे आहेत.”

“नाहीत,” साहेब म्हणाले.

“अहो, थोडी तरी?”

“नाहीत.”

“मग तुमच्या ओठांना काय झालंय?”

साहेबांनी मनगटाने ओठ पुसले. ते आणखी रंगले. ड्रायव्हरदादांनी मान फिरवली, पण त्यांचे खांदे हलताना दिसत होते. हे परिवर्तन होते असे मी म्हणणार नाही. एकतीस वर्षे माल परत पाठवण्याची सवय असलेल्या माणसाने आणखी एकदा ‘परत’ म्हटले, आणि ते एकदाचे योग्य माणसाला म्हटले गेले, इतकेच. गाडी वळली. मागच्या काचेतून मला बाई दिसल्या. त्यांच्या हातात पुढचे गाजर होते.

“उठा हो आता,” त्या म्हणत होत्या. “झाकण चेमटेल. अजून निम्मी टोपली बाकी आहे.”